पाँडिचेरी : फ्रेंच नगरी आणि मराठी प्रवासी

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात एका दूरच्या शहराच्या प्रवासावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल, तर तो स्वाभाविक आहे. प्रवासवर्णनांचे कपाट मराठी वाचकाला नेहमीच प्रिय राहिले आहे, हे त्याचे एक उत्तर. पण अधिक महत्त्वाचे उत्तर दुसरे आहे. ज्या शहराची आज ओळख करून घ्यायची आहे, तेथून एका भाषेचे राज्य गेले, तरी ती भाषा तेथे मागे राहिली. ती कुठे राहिली, कोणी राखली आणि कुठे विरून गेली, हे पाहणे सावरगावच्या वाचकाला उपयोगाचे आहे. ते शहर म्हणजे पाँडिचेरी. २००६ पासून त्याचे अधिकृत नाव पुदुच्चेरी असे झाले आहे.

सावरगावच्या वाचकालाच ते विशेष उपयोगाचे का, हे आधी सांगितले पाहिजे. जाम नदीच्या एका काठाला सावरगाव आणि दुसऱ्या काठाला पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीत रोवल्या जाणाऱ्या पळसाच्या झाडासाठी दोन्ही काठांवरून होणारी गोटमार दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. दोन्ही काठांची बोली मात्र एकच, मराठी. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा, पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांताचा. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कारभारात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, तर सौंसर व पांढुर्णा नव्या मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, पण कचेरीची भाषा हिंदीच आहे. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, ही येथील रोजची रीत. या रीतीत कोणाचा द्वेष नाही. परंतु जी भाषा केवळ घरात राहते, तिचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

या प्रश्नाची गाठोडी बांधून सावरगावच्या प्रवाशाने दक्षिणेची वाट धरावी. पांढुर्ण्याहून जाणारा लोहमार्ग नागपूर, बल्लारशहा करीत थेट चेन्नईला पोचतो. तेथून समुद्राच्या कडेकडेने सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेस गेले, की पाँडिचेरी येते. रेल्वेने जायचे तर विलुप्पुरमला गाडी बदलावी. हा फाटा १८७९ पासून चालू आहे. परतीचा पाऊस त्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरात कोसळतो, म्हणून संक्रांतीनंतरचा काळ उत्तम. तमिळमध्ये 'पुदु' म्हणजे नवी आणि 'चेरी' म्हणजे वस्ती. नाव नव्या वस्तीचे असले, तरी जागा फार जुनी आहे. शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर अरिकमेडू येथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले, तेव्हा रोमन साम्राज्याशी चालणाऱ्या व्यापाराचे अवशेष हाती आले. फ्रेंचांच्या आधी सतराशे वर्षे पश्चिमेची गलबते या किनाऱ्याला ओळखत होती.

फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ मध्ये स्थापन झाली आणि १६६८ मध्ये तिने सुरतेस पहिली वखार घातली. १६७३ मध्ये विजापूरचा अंमलदार शेरखान लोदी याच्याकडून तिला पाँडिचेरीची जागा मिळाली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्स्वा मार्टिन हा गृहस्थ तेथे आला. या माणसाने नगराचा पाया घातला. मराठी वाचकाने त्याचे नाव लक्षात ठेवावे, याला वेगळे कारण आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले, जिंजी त्यांनी घेतली आणि शेरखान लोदीचा मोड केला. ज्याच्या आश्रयाने वखार उभी राहिली तोच पळाला, तेव्हा मार्टिनने आपला वकील महाराजांच्या छावणीत पाठवला. महाराजांनी फ्रेंचांना पाँडिचेरीत राहू दिले. त्या वकिलाने जे पाहिले, ते मार्टिनने आपल्या स्मरणग्रंथात नोंदवले आहे. छावणीत डामडौल नव्हता, स्त्रिया नव्हत्या, सामानाचे लटांबर नव्हते. जाड्याभरड्या कापडाचे दोनच लहान तंबू होते, एक राजाचा आणि दुसरा त्याच्या मुख्य प्रधानाचा. मार्टिनच्या आठवणी १९३१ ते १९३४ या काळात पॅरिसमध्ये तीन खंडांत छापल्या गेल्या. मराठ्यांच्या इतिहासाचे एक विश्वसनीय साधन असे फ्रेंच भाषेत पडून होते आणि ते पाँडिचेरीतल्या एका व्यापाऱ्याच्या दौतीतून उतरले होते.

पुढे १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज जिंजीस पोचले आणि जवळजवळ आठ वर्षे मराठी राज्याची राजधानी पाँडिचेरीपासून एका दिवसाच्या मजलेवर होती. मार्टिनला आपल्या लहानशा वखारीच्या संरक्षणासाठी जिंजीच्या मराठी अधिकाऱ्यांशी सदैव सलोखा राखावा लागे. १६९३ मध्ये डचांनी पाँडिचेरी जिंकून घेतली. १६९७ च्या रिस्विकच्या तहाने ती फ्रेंचांना परत मिळाली आणि १६९९ मध्ये मार्टिन पुन्हा तेथे आला. जिंजीचा दुर्ग आजही पाँडिचेरीहून एका दिवसात पाहून येता येतो. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आहेत आणि बारावा ही जिंजी.

यानंतरचा प्रसंग सावरगावच्या अधिक जवळचा आहे, कारण त्याचा नायक नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचा संस्थापक पहिला रघूजी आहे. १७४० मध्ये शाहू छत्रपतींच्या आज्ञेने रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले मोठी फौज घेऊन कर्नाटकात उतरले. मे महिन्यात दामलचेरीच्या घाटात लढाई होऊन अर्काटचा नबाब दोस्त अली मारला गेला. सारा मुलूख हादरला. नबाबाच्या घरच्या स्त्रिया, त्याचा जावई चंदासाहेब याचे कुटुंब आणि त्यांचे जडजवाहीर आश्रयासाठी पाँडिचेरीच्या वेशीवर आले. तेव्हाचा गव्हर्नर ड्यूमा याच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. आत घ्यावे तर मराठ्यांचा रोष पत्करावा लागणार आणि न घ्यावे तर जुन्या मित्राच्या बायकामुलांना वाऱ्यावर सोडल्याचा बोल लागणार. त्याने वेस उघडली.

रघूजीने निरोप धाडला: खंडणी द्या आणि चंदासाहेबाचे कुटुंब व त्याची दौलत आमच्या हवाली करा. ड्यूमाने दोन्ही गोष्टींस नकार दिला. आमच्या देशात सोनेरुपे पिकत नाही, लोखंड पिकते, असे उत्तर त्याने पाठवल्याचे सांगतात. रघूजीचा वकील आला, तेव्हा त्याला तट, तोफा आणि कवायती शिपाई मुद्दाम दाखवण्यात आले आणि परतताना नजराण्यात फ्रेंच मद्याच्या काही बाटल्याही देण्यात आल्या. त्या मद्याची चव रघूजीच्या गोटात इतकी आवडली, की वेढ्याचा विचारच मागे पडला, अशी आख्यायिका फ्रेंच लेखकांनी मोठ्या चवीने सांगितली आहे. आख्यायिकेला आख्यायिकेइतकेच मोल द्यावे. रघूजीसारखा सेनानी बाटल्यांसाठी वेढा सोडणारा नव्हता. त्याचे खरे लक्ष त्रिचनापल्लीकडे होते आणि मार्च १७४१ मध्ये ते ठाणे घेऊन त्याने चंदासाहेबाला कैद केले. चंदासाहेबाची सुटका व्हायला १७४८ साल उजाडले.

या प्रसंगात कोण जिंकले आणि कोण हरले, यापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा ठरला. एका परक्या व्यापाऱ्याने शरणागताला पाठीशी घातले, ही वार्ता दक्षिणेत सर्वत्र गेली. दिल्लीहून ड्यूमाला नबाबाचा किताब मिळाला आणि तो त्याच्यामागून आलेल्या डुप्लेकडेही चालत आला. वखारवाले दरबारी मानकरी झाले. डुप्लेचे राजकारण, कर्नाटकातील युद्धे आणि इंग्रज-फ्रेंचांची चुरस यांचे एक बीज त्या उघडलेल्या वेशीत होते. डुप्लेचा दुभाषी आनंद रंग पिल्ले याने १७३६ पासून १७६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. बाजारभाव, गलबते, दरबारातली भांडणे, शकुन, अफवा असे सारे त्यात आहे. पेशवे दफ्तर चाळण्याची सवय असलेल्या मराठी अभ्यासकाला ती रोजनिशी परकी वाटणार नाही. पिल्लेचा वाडा आजही पाँडिचेरीत उभा आहे; खालचा भाग तमिळ धाटणीचा आणि वरचा फ्रेंच धाटणीचा. दोन भाषांमध्ये जगणाऱ्या माणसाला शोभेल असेच ते घर आहे.

जानेवारी १७६१ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात पानिपतावर मराठ्यांचा घात झाला त्याच महिन्यात, इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली आणि शहर जमीनदोस्त केले. १७६३ च्या तहाने ते फ्रेंचांना परत मिळाले, तेव्हा परत मिळाले ते दगडविटांचे ढिगारे. १७६५ पासून त्यांनी जुन्याच रस्त्यांच्या आखणीवर नवे शहर उठवायला घेतले. पुढे आणखी तीन वेळा ते इंग्रजांच्या हाती गेले आणि अखेर १८१६ मध्ये फ्रेंचांकडे कायमचे आले. आज प्रवासी जे 'जुने शहर' पाहतो, ते असे राखेतून पुन्हा बांधलेले आहे.

आता प्रत्यक्ष शहरात शिरावे. नकाशात ते लांबट अंड्याच्या आकाराचे दिसते. भोवती वर्तुळमार्ग, आत पटावरच्या घरांसारखे काटकोनात छेदणारे रस्ते आणि मधून उत्तर-दक्षिण गेलेला एक कालवा. कालव्याच्या पूर्वेस समुद्राकडची गोऱ्यांची वस्ती आणि पश्चिमेस तमिळांची. सावरगाव-पांढुर्ण्याच्या मधून जाम वाहते, तिने माणसांच्या जाती ठरवल्या नाहीत. हा कालवा मात्र एके काळी राज्यकर्ते आणि रयत यांच्यामधली रेघ होता. पूर्वेकडची घरे रस्त्याला पाठमोरी वाटतात. उंच भिंत, मोठा दरवाजा, आत बाग आणि भिंतीवरून बाहेर डोकावणारी बोगनवेल. पश्चिमेकडची घरे रस्त्याला सामोरी आहेत. दाराशी खांबांवर पेललेला ओटा आणि त्यावर वाटसरूने टेकावे अशी सोय. वऱ्हाड-नागपूरकडच्या जुन्या घरांची ओसरी ज्याने पाहिली आहे, त्याला या तमिळ ओट्यावर आपलेपणा वाटल्याशिवाय राहत नाही.

पूर्वभागातील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर फ्रेंच आणि तमिळ अशा दोन्ही लिपींतील पाट्या आहेत. त्यांत फ्रान्स्वा मार्टिनच्या नावाचा रस्ता आहे आणि ड्यूमाच्याही नावाचा आहे. रघूजीला नकार देणाऱ्या त्या गव्हर्नराच्या नावाची पाटी वाचताना भोसल्यांच्या मुलखातला प्रवासी क्षणभर थबकेल. त्याच भागात मनकुळ विनायकाचे देऊळ आहे. फ्रेंच येण्याआधीपासूनचा हा गणपती गोऱ्यांच्या वस्तीच्या ऐन मध्यात टिकून राहिला आणि आज तेथे दर्शनाला रांग लागते. नोत्र दाम दे झांज या १८५५ सालच्या चर्चमध्ये फ्रेंच भाषेतही प्रार्थना होते. पोलीस शिपायाच्या डोक्यावर फ्रेंच धाटणीची तांबडी उंच टोपी असते. बेकरीत लांब काठीसारखा पाव मिळतो आणि शेजारच्याच खानावळीत केळीच्या पानावर सांबार-भात.

संध्याकाळी समुद्रकाठचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि सारे शहर तेथे पायी फिरायला येते. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचे स्मारक, १८३६ सालचा जुना दीपस्तंभ आणि त्याजवळ महात्मा गांधींचा पुतळा, हे सर्व त्या एकाच रस्त्यावर आहे. पुतळ्याभोवती कोरीव दगडी खांब उभे आहेत. फ्रेंचांनी १७५० मध्ये जिंजी घेतल्यावर ते तिकडून आणले, असे सांगतात. ज्या जिंजीने राजाराम महाराजांना आसरा दिला, तिचे खांब आज गांधीजींभोवती उभे आहेत. रस्त्याच्या दक्षिण टोकाला डुप्लेचा पुतळाही आहे. स्वतंत्र भारताने तो फोडला नाही आणि डोक्यावरही घेतला नाही. इतिहासाकडे पाहण्याची ही रीत शिकण्यासारखी आहे.

ड्यूमाने उघडलेली वेस पुढेही उघडीच राहिली. १९०८ मध्ये तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती इंग्रजी अटकेतून निसटण्यासाठी येथे आले आणि दहा वर्षे राहिले. भारती हे लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. शिवछत्रपतींवर त्यांनी तमिळमध्ये काव्य लिहिले आहे. त्यांचे येथील घर आता संग्रहालय आहे. ४ एप्रिल १९१० रोजी अरविंद घोष येथे उतरले. त्यांचा मराठीशी संबंध तर अधिक निकटचा. १८९३ ते १९०६ ही वर्षे त्यांनी सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात काढली, तेथे ते मराठी शिकले आणि जानेवारी १९०८ मध्ये बडोद्यातच विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याकडून त्यांनी ध्यानाची दीक्षा घेतली. पाँडिचेरीत त्यांची साधना झाली, आश्रम उभा राहिला आणि पॅरिसहून आलेल्या मीरा अल्फासा या श्रीमाताजी म्हणून त्याच्या अधिष्ठात्री झाल्या. इंग्रजांच्या हिंदुस्थानात ज्यांना थारा नव्हता, त्यांना या फ्रेंच तुकड्याने थारा दिला. त्यात फ्रेंचांचे औदार्य किती आणि इंग्रजांशी असलेले वैर किती, याचा हिशेब इतिहासकारांनी करावा. आश्रय मिळाला, हे मात्र खरे.

तरीही परके राज्य ते परकेच. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर या खेड्यात लोकप्रतिनिधींचे मतदान झाले. १७८ जणांपैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने कौल दिला. १ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार भारताकडे आला. १९५६ च्या मे महिन्यात हस्तांतराचा तह झाला आणि फ्रान्सची अंतिम संमती मिळून १६ ऑगस्ट १९६२ रोजी पाँडिचेरी, कारिकल, माहे आणि यानम या चारही वसाहती कायद्याने भारताच्या झाल्या. तारखांचा एक योग येथे नोंदवावासा आहे. पाँडिचेरीत १ नोव्हेंबर १९५४ रोजी एका भाषेचे राज्य संपले आणि बरोबर दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, सावरगाव दुसऱ्या भाषेच्या राज्यात गेले.

त्या तहातील एक कलम भाषेविषयी आहे. लोकनियुक्त प्रतिनिधी वेगळा निर्णय घेईपर्यंत फ्रेंच हीच या वसाहतींची राजभाषा राहील, असे ते सांगते. पण कलम आणि व्यवहार यांत अंतर पडते. १९६५ च्या भाषा-कायद्याने कारभार तमिळ आणि इंग्रजीत, माहेत मल्याळमध्ये आणि यानममध्ये तेलुगूत चालवण्याची वाट मोकळी झाली, आणि ते योग्यच होते, कारण लोकांच्या भाषा त्याच होत्या. कचेरीतून फ्रेंच अशी हळूहळू निघून गेली. आज पाँडिचेरीच्या बाजारात फ्रेंचमध्ये भाजी घेता येणार नाही. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर ती आहे, पण ती पाटी वाचणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना तिचा उच्चार येत नाही. पाटी उरली म्हणजे भाषा उरली, असे समजणाऱ्याने हे दृश्य अवश्य पाहावे.

मग फ्रेंच तेथे खरोखर जगते कुठे? ती जगते फ्रेंच शाळेत, जिची स्थापना १८२६ ची आहे आणि जेथे आजही मुले फ्रान्सच्या अभ्यासक्रमाने शिकतात. ती जगते १८८९ पासून चालत आलेल्या आलियान्स फ्रान्सेझ या भाषासंस्थेच्या वर्गांत आणि आश्रमाच्या शाळेत, जेथे गणित-विज्ञानासारखे विषयही फ्रेंचमधून शिकवले जातात. हस्तांतरानंतर ज्या काही हजार तमिळ कुटुंबांनी फ्रेंच नागरिकत्व राखले, त्यांच्या घरांत ती आहे. फ्रेंच सैन्यातून निवृत्त झालेले तमिळ शिपाई दर १४ जुलैला छातीवर पदके लावून युद्धस्मारकापाशी येतात, त्यांच्या ओठांवर ती आहे. आणि ती जगते ग्रंथांत. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने दक्षिणेतील शैव आगमांची हजारो ताडपत्रे गोळा करून जतन केली. पाँडिचेरीतील या शैव हस्तलिखितांची नोंद २००५ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात केली. राज्य गेल्यानंतर एका परक्या भाषेच्या अभ्यासकांनी येथील लोकांच्या धर्मग्रंथांची सेवा केली. भाषेने दुसऱ्या भाषेचे ऋण असे फेडावे.

आजच्या समारंभाला साजेशी अशी आणखी एक वास्तू त्या शहरात आहे. १८२७ मध्ये गव्हर्नर देबासँ द रिशमाँ याने तेथे सार्वजनिक ग्रंथालय उघडले. आरंभी त्याचा लाभ युरोपियनांपुरता होता. पुढे त्याचे दार सर्वांना उघडले गेले. आता ते रोमाँ रोलाँ या थोर फ्रेंच साहित्यिकाच्या नावाने ओळखले जाते. रामकृष्ण, विवेकानंद आणि गांधीजी यांची चरित्रे युरोपला सांगणारा हा लेखक. जुन्या फ्रेंच ग्रंथांशेजारी तेथे आज तमिळ पुस्तके आहेत आणि रोजचे वाचक मुख्यतः तमिळ आहेत. ज्या ग्रंथालयाने दार लावून घेतले असते, ते राज्याबरोबरच संपले असते. दार उघडले, म्हणून नवे वाचक आले. आणि नवे वाचक आले, म्हणून जुनी पुस्तकेही जागेवर राहिली.

फ्रेंचची गोष्ट आणि मराठीची गोष्ट एकच आहे, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. पाँडिचेरीत फ्रेंच ही राज्यकर्त्यांची भाषा होती, सावरगावात मराठी ही नांगर धरणाऱ्याची आणि जात्यावर बसणारीची भाषा आहे. मराठीला जवळचा दाखला हवा असेल, तर प्रवाशाने पाँडिचेरीहून तसेच पुढे तंजावरला जावे. तेथे भोसल्यांचे मराठी राज्य १८५५ मध्ये संपले. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. सरफोजी राजांनी वाढवलेल्या सरस्वती महालात संस्कृत, तमिळ आणि तेलुगू हस्तलिखितांबरोबर मराठी पोथ्या आहेत, मोडी कागद आहेत आणि त्यांनी हौसेने मागवलेली फ्रेंच पुस्तकेही आहेत. राजवाड्याचा गिलावा सुटला, पण ग्रंथालय चालू आहे. तंजावरात मराठी बोलणारी घरे आजही आहेत. परंतु त्यांतल्या अनेकांची मुले आजीची मराठी ऐकतात आणि तमिळ वाचतात. आजोबांच्या हातचे मोडी कागद घरात कोणाला लागत नाहीत. बोली राहिली आणि वाचन सुटले, की दोन-तीन पिढ्यांत बोलीही पातळ होते.

आता पुन्हा जाम नदीच्या काठी यावे. पाँडिचेरीत पाटी आहे आणि बोलणारे थोडे आहेत. सावरगावात बोलणारे पुष्कळ आहेत, पण पोराच्या दप्तरातली पुस्तके हिंदी आहेत. या दोहोंत सावरगावची स्थिती अधिक आशेची आहे. येथे भाषा अजून शेतात, संत्र्याच्या बागेत, लग्नघरात आणि हरिपाठात आहे. शिवाय लिपीचा अडसर नाही. हिंदी शाळेत शिकणारे मूल देवनागरी जाणते. त्याच्यापुढे मराठी पुस्तक ठेवले, तर ते पहिल्याच दिवशी अडखळत का होईना, वाचू लागते. तंजावरच्या मुलाला ही सोय नाही. सावरगावच्या मुलाला ती जन्मतः मिळालेली आहे आणि ती वापरायची की नाही, हे बऱ्याच अंशी ग्रंथालयाच्या सभासदांवर अवलंबून आहे.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद मानावा. पण पाँडिचेरीच्या तहातील कलमाचे काय झाले, हेही आठवावे. भाषेला दर्जा राजधानीतून मिळतो. वाचक मात्र गावातच मिळवावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी वर्गणी गोळा करून मराठी पुस्तकांची पहिली कपाटे भरली, त्यांच्या भाषेला तेव्हाच्या कारभारात थोडेतरी स्थान होते. आज ते नाही. म्हणून आजचा सभासद जेव्हा घरच्या पोराचे बोट धरून येतो आणि त्याच्या नावावर एक मराठी गोष्टीचे पुस्तक नोंदवून घेतो, तेव्हा तो त्या पहिल्या वर्गणीदारांपेक्षा अवघड काम करीत असतो.

ज्यांना शक्य असेल, त्यांनी पाँडिचेरी जरूर पाहून यावी. ड्यूमाच्या रस्त्यावरून चालावे, विनायकाला नमस्कार करावा, जिंजीच्या खांबांना हात लावावा आणि समुद्रावरचा सूर्योदय पाहावा. परंतु त्या सगळ्यानंतर एक दुपार १८२७ सालच्या त्या ग्रंथालयासाठी राखून ठेवावी. तेथे बसलेल्या तमिळ मुलांकडे पाहावे आणि मग सावरगावला परतल्यावर, सामान घरी टाकून, आधी इकडे यावे. येताना बरोबर शेजारचे एखादे मूल आणावे, एवढीच या व्याख्यानाची विनंती आहे.